आधी नट, मगे गाडी: घरच्या अंगणात बाईकचं चाक काढायचं तर

प्रश्न असा आलाय: देवगडच्या बाजूला घर, गाडी पल्सर १५०, मागचं चाक काढून ब्रेक लायनर बदलायचेत आणि पुढच्या चाकाचं बेरिंग आवाज करतंय म्हणून तेही उघडायचंय. गॅरेज १४ किलोमीटर लांब, अंगण मातीचं, मदतीला कोण नाही, आणि व्हिडिओत सगळे पॅडॉक स्टँडवर (चाक उचलून धरणारा सुटा लोखंडी स्टँड) गाडी चढवतात, तर तो विकत घ्यायचा की घरच्या सामानात भागेल?

भागेल. तुमच्या गाडीला डबल स्टँड आहे, म्हणजे निम्मं काम कंपनीने करून दिलंय. बाकी निम्म्यासाठी लाकडाचे चार ठोकळे, एक रॅचेटवाला पट्टा आणि जुन्या ट्यूबचे दोन तुकडे एवढंच लागतं. पण आधी एक गोष्ट सांगतो आणि ती जरा लांबवणार आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

गाडी उचलणं हे काय मोठं काम नाही, माझी बारावीतली पुतणी पण बाबांची गाडी डबल स्टँडवर घेते. गाड्या पडतात त्या बहुतेक उचलून झाल्यावर, एक्सलच्या (चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्याच्या) नटाला पाना लावून वर पाईप घालून जोर काढताना. मी शिकाऊ होतो तेव्हा माझ्या हातून पडली होती एक, गिऱ्हाईकाची नवी कोरी. डबल स्टँडवर घेतली, मागचं चाक हवेत, नट हलेना म्हणून दोन फुटी पाईप घातला आणि पाय रोवून पुढच्या दिशेला ढकलला. नट जागचा हलला नाही, गाडी हलली. स्टँडवरून पुढे सरकली, स्टँड मागे दुमडला आणि गाडी उजव्या कुशीवर. टाकीला खड्डा, ब्रेकचा लिव्हर तुटला, माझा पाय चार बोटांनी वाचला. समोरच्या टपरीवरची मावशी 'पडतली रे पडतली' म्हणून ओरडली तेव्हा गाडी पडून झाली होती. उस्तादांनी टाकीचे पैसे माझ्या पगारातून कापले नाहीत, पण त्यानंतर महिनाभर कुठलंही चाक काढायला घेतलं की मागून आवाज यायचा, 'झिला, आदी नट, मगे गाडी.' आजही माझ्याकडे नवीन पोरगा आला की पहिलं हेच शिकतो.

आता असं का होतं ते समजून घ्या. डबल स्टँडचे पाय उघडल्यावर जरासे पुढे झुकून टेकतात आणि गाडीच्या वजनाने तिथेच दाबून राहतात. तो बंद होतो एकाच रीतीने, गाडी पुढे जाते आणि पाय मागे दुमडतात. म्हणजे मागून पुढे जाणारा कुठलाही धक्का हा स्टँडचा शत्रू. आणि बरेच जण म्हणतात गाडी गिअरमध्ये टाकली की झालं, अहो पण मागचं चाक हवेत असताना गिअर कोणाला धरणार? गिअर मागच्या चाकाला धरतो आणि ते चाक जमिनीला लागलेलंच नाही. त्या वेळेला जमिनीवर असलेलं एकच चाक पुढचं, त्यामुळे गाडीला खरा ब्रेक एकच उरतो, पुढचा. तो लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीने करकचून हँडलला बांधून टाकायचा. हे तीस सेकंदांचं काम आहे आणि ते न करता पडलेल्या गाड्या मी दरवर्षी बघतो.

म्हणून क्रम असा ठेवा की दोन्ही चाकं जमिनीवर, गाडी साईड स्टँडवर, पहिला गिअर, पुढचा ब्रेक बांधलेला, आणि त्या अवस्थेत सगळे घट्ट नट फक्त मोडून घ्यायचे. मोडायचे म्हणजे पाव आटा फिरवून सैल करायचे, काढायचे नाहीत. मागच्या एक्सलचा नट, ब्रेकच्या टॉर्क रॉडचा, म्हणजे ब्रेकच्या प्लेटला फिरू न देणाऱ्या दांड्याचा नट (त्याची स्प्लिट पिन पक्कडीने आधी काढा), चेन अ‍ॅडजस्टरचे लॉक नट, आणि पुढचं चाक पण काढणार असाल तर पुढच्या एक्सलचा नट, खाली एक्सलला आवळून धरणारा पिंच बोल्ट असला तर तो पण. जोर लावताना पाना कुठल्या दिशेला ठेवायचा याकडे कोणी लक्षच देत नाही. नट गाडीच्या उजव्या बाजूला असेल तर पान्याचा दांडा मागच्या चाकाच्या मागच्या दिशेला करा आणि खाली दाबा. नट डाव्या बाजूला असेल तर दांडा पुढच्या दिशेला करा आणि तिथेही खालीच दाबा. दोन्हीकडे नट उलटा फिरतो, आणि तुमचा जोर जमिनीत जातो, गाडीला पुढे ढकलत नाही. सायलेन्सर आडवा येत असेल तर रिंग पान्याऐवजी गोटी पाना आणि एक्स्टेन्शन घ्या. पलीकडचं एक्सलचं डोकं फिरत असेल तर तिथे दुसरा पाना लावून तो स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) टेकवून ठेवा म्हणजे हात मोकळा राहतो.

हे सगळं कोकणात जास्त महत्त्वाचं का ते सांगतो. घाटावरच्या माणसाला नट सुटायला अडचण येते कधीतरी, आपल्याला येते कायमची. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खाऱ्या वाऱ्याचे. मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं, त्यामुळे एक्सलवर ओलसर थर राहतो आणि लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून एक्सल बेरिंगच्या आतल्या रिंगमध्ये आणि बुशमध्ये (एक्सलवर बसणारी छोटी नळी) असा चिकटतो की नट निघाला तरी एक्सल बाहेर यायला तयार नाही. खाडीच्या कडेला राहणाऱ्यांच्या गाड्या तर विचारूच नका, मासे वाहून नेणारी गाडी असेल तर बर्फाचं मिठाचं पाणी मागच्या चाकावर रोज ठिबकत असतं, अशा गाडीचा एक्सल मी एकदा दोन दिवस भिजवत ठेवला होता.

त्यामुळे काम रविवारी करायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी नटावर आणि एक्सल दोन्ही बाजूंनी जिथे आत शिरतो तिथे गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. स्प्रे नसला तर रॉकेल किंवा डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून ब्रशने लावा, रात्रभर राहू द्या. एक सांभाळा, ब्रेक डिस्कवर किंवा ड्रमच्या फटीत हे जाऊ देऊ नका, कापड कोंबून ठेवा. लायनर तुम्ही बदलणारच आहात म्हणून मागे चालेल पण पुढच्या डिस्कच्या पॅडला तेल लागलं तर ते पॅड फेकूनच द्यावे लागतात. आणि गॅसच्या बर्नरने गरम करायचं डोक्यात आलं तर काढून टाका, जवळ टायर आहे, बेरिंगमधलं ग्रीस आहे आणि वर पेट्रोलची टाकी आहे.

आता जमीन. तुमचं अंगण मातीचं आहे म्हणालात, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तसंच. उन्हाळ्यात चोपून सारवलेलं अंगण कोब्यासारखं कडक असतं पण जुलैमध्ये त्याच अंगणात डबल स्टँडचा एक पाय दोन इंच आत जातो आणि गाडी त्या बाजूला कलते, आणि ते एकदम होत नाही हळूहळू होतं, तुम्ही चाकात डोकं घालून बसलेले असता तेव्हा. म्हणून स्टँडखाली फळी हवीच. पाऊण इंची प्लाय दीड फूट बाय एक फूट, दोन्ही पाय एकाच फळीवर. वेगवेगळ्या दोन फळ्या नको, एक रुतली की संपलं. पडवीत टाईल्स असतील तर तिथे उलटा त्रास, स्टँडचे पाय घसरतात आणि टाईल फुटते ती वेगळी, मग घरच्यांची बोलणी. तिथे फळीच्या खाली जुन्या ट्यूबचा कापून सरळ केलेला तुकडा घाला. गोणपाट घालू नका, ओलं झालं की तेच सरकतं. शेवाळ असेल तर आधी खराट्याने घासून घ्या, वर चुना किंवा वाळू टाका.

चिऱ्यांबद्दल मुद्दाम सांगतो कारण आपल्या प्रत्येक घराच्या मागे पाच-पन्नास चिरे पडलेले असतात आणि हात पहिला तिकडेच जातो. इंजिनाखाली नुसता जांभा चिरा लावू नका. भिंतीत त्याच्यावर वजन पसरून येतं तेव्हा तो पिढ्या काढतो, पण फ्रेमचा पाईप किंवा जॅकचं तोंड यांच्यासारखं टोकाचं वजन आलं की त्याचे कोपरे झडतात, आणि ओला चिरा तर कधी दुभंगेल सांगता येत नाही. पोकळ सिमेंट ब्लॉकचं पण तेच. टेकू लाकडाचाच लावा. सुताराकडे जुन्या दरवाजाच्या चौकटीचे तुकडे पडलेले असतात, सागाचे नाहीतर फणसाचे, चार इंच बाय चार इंच, वेगवेगळ्या उंचीचे चार आणि दोन पाचरी एवढं आणून ठेवा, आयुष्यभर पुरतील. लाकूड फाटायच्या आधी करकरतं, आवाज देतं. चिरा आणि ब्लॉक आवाज न देता जातात.

डबल स्टँडवर चढवायची पद्धत तुम्हाला येतेच असं धरतो तरी दोन शब्द. पल्सर साधारण १५० किलोच्या घरात आहे, ती हातांनी उचलायची नसते. डावा हात हँडलला, उजवा हात मागच्या ग्रॅब रेलला, उजव्या पायाने स्टँड खाली दाबून दोन्ही पाय जमिनीला एकदम लागले का ते आधी जाणवून घ्या (एकच लागला तर गाडी तिरकी आहे), आणि मग अख्खं अंगाचं वजन त्या पायावर टाका. पाठ सरळ, हात फक्त दिशा देतात. तरी जड जात असेल तर मागचं चाक एका अर्धा-पाऊण इंची फळीवर चढवा आणि मग स्टँड लावा, गाडी आधीच थोडी वर असल्यामुळे एकदम हलकी जाते. टाकी अर्ध्याच्या खाली असेल तर बरं. साईडच्या बॅगा काढून ठेवा.

गाडी चढली की रॅचेटचा पट्टा घ्या, डबल स्टँडच्या आडव्या पाईपातून ओवा आणि पुढे नेऊन फ्रेमच्या पुढच्या खालच्या पाईपाला आवळा. पुढचं चाक काढणार नसाल तर चाकाला बांधलं तरी चालेल. याने स्टँडचे पाय पुढे ओढलेले राहतात आणि गाडीला कितीही धक्का बसला तरी स्टँड दुमडायला जागाच नाही. माझ्या मते अख्ख्या कामात पैसा वसूल करणारी वस्तू हा पट्टा आहे. दोरीने बांधायचं असेल तर नारळाच्या सुंभाने नको, तो ताणतो. मासेमारीची नायलॉनची दोरी सगळ्यांकडे असते, मजबूत असते, पण तीसुद्धा रबरासारखी ताण घेते आणि तिची गाठ सरकते, त्यामुळे लावलीच तर मध्ये काठी घालून पीळ भरा.

मागचं चाक. ब्रेकच्या रॉडचा नट काढा, स्प्रिंग आणि छोटा गोल तुकडा लगेच परत त्याच रॉडवर घालून नट दोन आटे लावून ठेवा, नाहीतर ती स्प्रिंग अंगणातल्या गवतात जाते आणि मग कोंबड्यांबरोबर तुम्ही शोधत बसता. टॉर्क रॉड सोडवा. आता एक्सलकडे बघा. बऱ्याच कम्युटर गाड्यांत चेनच्या बाजूला दोन नट दिसतात, बाहेरचा एक्सलचा आणि त्याच्या आत एक मोठा, तो स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) स्लीव्हचा. असे दोन असतील तर मोठ्याला हातच लावू नका, फक्त एक्सल ओढला की चाक कपलिंगच्या रबरांतून सुटून निघतं आणि चेन-स्प्रॉकेट गाडीलाच लटकून राहतं, चेनचं अ‍ॅडजस्टमेंट पण हलत नाही. एकच नट असेल तर अ‍ॅडजस्टर सैल करून चाक पुढे ढकला, चेन स्प्रॉकेटवरून उतरवा आणि स्विंगआर्मवर टाकून द्या. एक्सल निघत नसेल तर नट उलटा लावून टोकाशी लेव्हल करा आणि लाकडाचा तुकडा मध्ये घेऊन हातोडीने मारा, नुसत्या लोखंडावर लोखंड मारलं तर आट्यांचं तोंड पसरतं आणि मग तो नट कधीच परत जाणार नाही. मारायचा तो आडवा, गाडीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे. त्याने स्टँड दुमडत नाही पण गाडी बाजूला कलू शकते, तर दुसऱ्या बाजूने मांडी टेकवून ठेवा. एक्सल बाहेर येताना दोन्ही बाजूंचे बुश खाली पडतात, ते सहसा सारखे नसतात, कुठला कुठल्या बाजूचा याचा आधी फोटो काढा.

आणि आता चाक सुटलं तरी बाहेर येत नाही, मडगार्डला अडकतं. इथे बरेच मेकॅनिक गाडी डाव्या बाजूला कलती करून एका हाताने चाक काढतात, मी पण काढतो, पण दोन माणसं लागतात आणि तुम्ही एकटे आहात, तेव्हा हे करूच नका. मातीच्या अंगणाचा फायदा घ्या. गाडी स्टँडवर घ्यायच्या आधीच जिथे मागचं चाक येणार तिथे कुदळीने परडीएवढा, तीन-चार इंच खोल खड्डा करा, स्टँडच्या फळीपासून वीतभर तरी लांब. चाक सुटलं की खड्ड्यात उतरतं आणि तिरकं करून मागून निघतं. शहरात लोक यासाठी स्टँडखाली जाड फळी घालतात, ते पण चालतं पण मग गाडी चढवायला तेवढीच जड जाते.

ड्रममधली काळी भुकटी फुंकरीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसाला वाईट. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

मागचं चाक निघाल्यावर शेपटाकडचं वजन कमी होतं, गाडी पुढच्या चाकावर अजून घट्ट बसते, म्हणजे मागचं काम तसं निर्धास्त. पुढचं चाक काढताना याच्या उलट आहे आणि तिथे मी तुम्हाला जास्त सावध करतो. एक म्हणजे दोन्ही चाकं एकाच वेळी काढू नका, आधी मागचं पूर्ण करा, बसवा, मग पुढचं.

पुढचं उचलायचं तर गाडी डबल स्टँडवरच, पट्टा फ्रेमला आवळलेला, मागच्या चाकाखालचा खड्डा बुजवलेला. आता कोणीतरी शेपटावर दाबलं की गाडी स्टँडवर मागे डोलते, मागचं चाक जमिनीला टेकतं आणि पुढचं वर येतं. त्या वेळी इंजिनाच्या पुढच्या भागाखाली लाकडी टेकू सरकवायचा. तुम्ही एकटे असाल तर शेजारच्या कोणालाही दोन मिनिटं मागच्या सीटवर बसवा, बाकी काही येत नसलं तरी चालेल, आणि ते पण कोणी नसेल तर सीटच्या मागच्या टोकाला तांदळाचं किंवा वाळूचं पोतं बांधा. पण पोत्यावर भरवसा ठेवून काम करायचं नाही, पोतं फक्त टेकू घालेपर्यंत. टेकू बसला की दोन बाजूंनी पाचरी मारून तो हलत नाही ना बघा, हँडल धरून गाडी जराशी हलवा. या क्षणी गाडी स्टँडचे दोन पाय, मागचं चाक आणि टेकू अशा चार ठिकाणी उभी आहे, आणि आता मागचं चाक जमिनीवर असल्यामुळे गिअर उपयोगाचा आहे, पहिल्यात टाका.

टेकू कुठे लावायचा ते इंजिनाच्या खाली वाकून ठरवा. फ्रेमचे पाईप इंजिनाखालून गेले असतील तर लाकूड दोन्ही पाईपांवर आडवं बसेल असं. पाईप नसतील आणि इंजिनच लटकलेलं असेल तर ऑइल काढायचा बोल्ट आणि पातळ फिन सोडून सपाट जाड भाग शोधा, वर रबराचा तुकडा. सायलेन्सरच्या वाकड्या पाईपाखाली कधीच नाही. कारचा जॅक वापरलात तरी चालेल, पण जॅकचं तोंड आणि गाडी यांच्यात लाकूड हवं, आणि वर आली की टेकू घालून वजन टेकूवर घ्या, जॅक फक्त साथीला. ट्रकचा बॉटल जॅक तर तासाभरात हळूच अर्धा इंच खाली बसलेला मी पाहिलाय.

जुन्या घरांत लोक वरून लटकवतात. पडवीच्या तुळईला चेन ब्लॉक लावून पुढचा भाग उचलायचा ही फार छान पद्धत आहे, मी स्वतः गॅरेजात तशीच वापरतो, फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) बाहेर काढायचे असतील तर याच्याइतकं सोयीचं काही नाही. फक्त वाशाला बांधू नका, वासा कौलांचं वजन घेण्यापुरता असतो. तुळईला बांधा आणि आधी तिच्यात कुठे वाळवी आहे का हातोडीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर सोडून द्या. गाडीला बांधायचं ते हँडलला नाही, वायरी आणि केबल चेपतात, खालच्या टी-ला, म्हणजे हँडलखाली दोन्ही फोर्क धरणाऱ्या आडव्या भागाला पट्टा घाला. आंब्याच्या फांदीला लटकवणारे पण आहेत. वारा सुटला की फांदी हलते, गाडी हलते, त्यामुळे ते मला पटत नाही.

पुढचं चाक निघाल्यावर ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका, सकाळपासून ट्यूबने बांधला असेल तर ती चाक काढायच्या आधीच सोडा. डिस्क मध्ये नसताना दाबला की कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर येतात आणि मग ते मागे ढकलत बसा. दोन पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीचं पुठ्ठ्याचं नाहीतर लाकडाचं पट्टं घालून ठेवा. चाक जमिनीवर ठेवताना डिस्कची बाजू वर. २०१९ च्या एप्रिलनंतरची गाडी असेल तर १२५ सीसीच्या वर एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालंय, म्हणजे चाकाजवळ सेन्सर आणि त्याची बारीक वायर असणार, तिला ओढ बसू देऊ नका आणि खाचांच्या रिंगला हातोडी लागू देऊ नका.

आता पॅडॉक स्टँड. आर१५, एमटी-१५, ड्यूक या गाड्यांना डबल स्टँड नसतो, त्यांना दुसरा उपाय नाही, स्विंगआर्मला बॉबिन (स्टँड अडकवायच्या गोल खुंट्या) लावून मागून पॅडॉक स्टँडने उचलायची. पण तो कडक आणि सपाट कोब्यावर चालतो, मातीत त्याची छोटी चाकं रुततात आणि एकट्याने करताना एका हाताने गाडी सरळ धरून दुसऱ्या हाताने स्टँड दाबायचा असतो, सवय नसेल तर गाडी पलीकडे जाते. तुमच्या अंगणात तुमच्या गाडीला त्याचा काही उपयोग नाही. पुढचा पॅडॉक लावायचा तर मागचा आधी लावलेला हवा, एवढं कोणाला लागलं तर लक्षात ठेवा. साईड स्टँडवर गाडी कलवून पलीकडून काठीचा टेकू देण्याची युक्ती चेनला तेल मारण्यापुरती ठीक आहे, चाक काढायला नाही. आणि चेनला तेल मारताना गाडी चालू करून गिअरमध्ये चाक फिरवणारे दिसतात, त्यातल्या काहींची बोटं पूर्ण नाहीत. हाताने फिरवा. अ‍ॅक्टिव्हाचं विचारलेलं नाही पण कोणी ना कोणी विचारणारच: मागच्या चाकाला सायलेन्सर काढावा लागतो, पुढच्याला पायाच्या फळीखालच्या लोखंडी फ्रेमला टेकू द्या, प्लॅस्टिकला नाही.

परत बसवताना एक्सल सँडपेपरने घासून गंज काढा आणि अंगाला ग्रीसचा पातळ थर द्या, आट्यांना नको. हे केलंत तर पुढच्या वेळी शनिवारची संध्याकाळ वाचेल. मागच्या ड्रम प्लेटला टॉर्क रॉड परत जोडायला आणि नवीन स्प्लिट पिन घालायला विसरू नका, तो नसेल तर ब्रेक दाबल्यावर अख्खी प्लेट गरकन फिरते. पुढे ड्रम असलेल्या गाड्यांत फोर्कवरचा दांडा प्लेटच्या खाचेत बसलाय ना ते डोळ्यांनी बघा, त्याच्यावरून माणसं डोक्यावर पडलेली आहेत. चेनचा ढिलेपणा बऱ्याच गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर असतो, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा. नट हाताने बसवून गाडी खाली घ्या आणि शेवटचा जोर दोन्ही चाकं जमिनीवर असताना लावा, सकाळी मोडले तसेच. पुढचा एक्सल आवळायच्या आधी ब्रेक धरून फोर्क चार वेळा दाबा म्हणजे ते आपापल्या जागी बसतात, मग पिंच बोल्ट. आणि गाडी रस्त्यावर काढायच्या आधी उभ्या उभ्याच पुढचा लिव्हर कडक होईपर्यंत पाच-सात वेळा दाबा, पहिल्या दाबाला ब्रेक नसतो. नवीन लायनर पहिले काही किलोमीटर कमी धरतात, तेव्हा लगेच घाटी उतरायला जाऊ नका.

आणि तो खड्डा बुजवलात म्हणालो तरी वरून धुमस मारून घट्ट करा. माझ्या एका गिऱ्हाईकाने नुसती माती लोटली होती, रात्री पाऊस आला, सकाळी दूधवाला सायकलसकट त्यात, आणि रिम वाकलेली सायकल पहिली माझ्याच दारात.